दिवस मावळायच्या आत

गंगावेशीत गिऱ्हाईकासमोर म्हैस पिळून द्यायची, हा माझा धंदा. शाहूपुरीतले धान्यवाले महावीरअण्णा रोज संध्याकाळी पेला घेऊन यायचे. जैन माणूस, दिवस मावळला की पाणीसुद्धा तोंडात घ्यायचे नाहीत.

त्या दिवशी ऊन उतरायच्या वक्ताला शाहूपुरीकडून मोठा धडाका ऐकू आला. अण्णांच्या दुकानावरची तीन मजली इमारत बसली, असं ओरडत लोक तिकडं पळाले. माझी म्हैस पान्हावली होती. अशी म्हैस सोडून उठता येत नाही, म्हणून मी पिळत राहिलो. मग दिवस मावळला, वीजही गेली आणि अंधार पडला.

पुढ्यात पेला आला. अण्णाच होते.

"अण्णा, वाचलासा! पण दिवस मावळला की. आता दूध कसं घेतासा?"

"चेष्टा करतोस व्हय, बादशहा? डोळ्यावर ऊन येतंय," म्हणत त्यांनी कपाळावर आडवा हात धरला. "घाल लवकर."

मी खाली बघितलं. सगळी गल्ली काळोखात होती. अण्णांच्या पायापासून माझ्या म्हशीपर्यंत तेवढं पिवळं ऊन पडलं होतं. त्या उन्हात अण्णांची सावली होती आणि तिच्यामागं तीन मजल्यांची सावली उभी होती.

ती हळूहळू अण्णांच्या सावलीवर कलत होती.