तिसऱ्या नोझलखाली

“मार सेल,” उस्ताद म्हणाले.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. इंजिन तीनदा कण्हलं, चौथ्यांदा धडधडत चालू झालं, आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा असा लोट सुटला की गॅरेजची समोरची भिंत दिसेनाशी झाली. हुडहुडी भरल्यासारखा अख्खा ट्रक थरथरत होता. कच्च्या डिझेलच्या वासाने डोळे चुरचुरले.

“रोज सकाळी हाच तमाशा!” ड्रायव्हर केबिनमधून ओरडला. “दहा मिनिटं गेली की शहाण्यासारखी चालते. तुमच्याकडे आणेपर्यंत गरम झालेली असते, मग तुम्ही म्हणता, कुठे काय आहे?”

म्हणून तर उस्तादांनी ट्रक काल संध्याकाळीच इथे आणून उभा करायला लावला होता. धूर निळा असता तर ऑइल जळतंय म्हणता आलं असतं. हा पांढरा होता. म्हणजे डिझेल आत जात होतं, पण कुठेतरी जळत नव्हतं. हीटर प्लग ड्रायव्हरने आधीच बदलून पाहिले होते.

उस्तादांचा धाकटा मुलगा पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकला. चालू इंजिनावर त्याने सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या पहिल्या नोझलच्या पाइपचा नट जरा सैल केला. इंजिन अडखळलं. नट आवळला, दुसरा सैल केला. पुन्हा अडखळलं. तिसरा सैल केला, तर इंजिनाला त्याचं सोयरसुतकच नाही.

“तिसरा सिलिंडर बसून खातोय,” उस्ताद म्हणाले. “बंद कर. नोझल काढ.”

“गेल्या महिन्यात चारही नोझल इथेच काढून साफ केली होती हं,” ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. “आठवतंय ना?”

“न आठवायला काय झालं? मीच बसवली. हा तेव्हा तापाने फणफणला होता.”

बोलले खरे, पण उस्ताद पुढे येऊन बॉनेटपाशीच उभे राहिले.

नोझलखाली तांब्याचा एक वायसर असतो, नाण्याएवढी चपटी चकती. नोझल काढलं की जुना काढून टाकायचा आणि नवा घालायचा. जुना कधीकधी तळाला चिकटून राहतो. माणूस घाईत असला की नवा त्याच्यावरच बसवतो. मग नोझल उचललेलं राहतं, आणि गार इंजिन धूर ओकायला लागतं. आठ वर्षांपूर्वी या गॅरेजमधून एक ट्रक असाच बाहेर पडला होता. घाटात बंद पडला. मालकाने इथे येऊन चार लोकांत उस्तादांची अब्रू काढली. उघडून पाहिलं तर एका नोझलखाली दोन वायसर.

तो ट्रक दुरुस्त करताना इंजिनावर बाप आणि दोन्ही मुलं, तिघेही होते. पण नोझलचं काम थोरल्याकडे दिलेलं. उस्तादांनी मालकासमोर त्याच्या थोबाडीत दिली. थोरल्याने तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरून जो गेला तो गेलाच. आता कुठल्याशा कारखान्यात पंप जोडतो, एवढं त्याच्या आईकडून कळायचं. ती फोनवर त्याच्याशी बोलायची, मग स्वयंपाकघरात बसून रडायची. उस्ताद ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. फारच झालं तर म्हणायचे, “चूक कोणाच्याही हातून होते. कबूल करायला काय जातं?”

धाकट्याने नोझल बाहेर काढलं. आत टॉर्च मारला. वाकड्या तारेने वायसर ओढून काढला. मग पुन्हा तार घातली, जरा खरवडलं, आणि चटकन मूठ मिटून घेतली.

“काय निघालं?” ड्रायव्हरने विचारलं.

“काही नाही. कार्बन आहे.”

“मूठ उघड,” उस्ताद म्हणाले.

“बाबा, जाऊ द्या ना.”

“उघड म्हणतो ना!”

तळहातावर दोन वायसर होते. एक तांबूस, एक काळाठिक्कर. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं लोक या माणसाच्या हाताखाली शिकले, आणि शिकाऊ पोरांनी करावी अशी चूक आज त्याच्याच नावावर. ड्रायव्हर भला माणूस. दोन वायसर बघून काय ते समजला आणि चहा सांगून येतो म्हणत रस्ता ओलांडून गेला.

धाकट्याने खाली नवा एकच वायसर घातला, नोझल बसवलं, पाइप आवळले. सेल मारला. गार इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. हलकासा धूर आला आणि विरून गेला. उस्तादांनी तिकडे पाहिलंही नाही. चिंध्या घेऊन ते केव्हाच स्वच्छ झालेले हात पुसत बसले होते.

“बंद कर ते,” ते म्हणाले. “थोरल्याचा नंबर असेल तुझ्याकडे. लाव.”

धाकट्याने फोन काढला. हातातच धरून ठेवला.

“अरे लाव ना! आज माझ्या हातून झालं, तर तेव्हाही माझ्याच हातून झालं असणार. मीही त्या इंजिनावर होतोच की.” उस्तादांनी चिंध्या बाजूला टाकल्या. “आठ वर्षं, रे. पोराला उगाच मारलं मी. मला त्याची माफी मागायची आहे.”

धाकटा बापाच्या समोर येऊन उभा राहिला.

“तेव्हा तुमच्या हातून नव्हतं झालं, बाबा,” तो म्हणाला. “त्या ट्रकमध्ये जुन्यावर नवा वायसर मी बसवला होता. आणि दादाला ते माहीत होतं.”