मोकळा तास

ईराची पावलं सरळ झाली. हे वाचलंत तेवढं पुरे, आता विसरा. माधव नगरातल्या त्या घरात असं काही झालेलंच नाही, कारण पावलं सरळ झाली असं कळलं की लोक तिचे बूट काढतात.

ईरा पाच महिन्यांची. जन्मली तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली होती. दहाव्या दिवसापासून दर आठवड्याला प्लास्टर, मग टाचेमागे छोटासा छेद, आणि आता मधे लोखंडी पट्टी टाकून एकमेकांना जोडलेले बूट. तेवीस तास पायात, एक तास मोकळा. बूट सुटले तर पावलं परत आत वळतील, असं डॉक्टरांनी तिच्या आईला, गौरीला, बजावलं होतं.

पण बाळ पाळण्यात बूट घालून झोपतं, हे कुणालाच बघवेना. सासूबाई येताजाता पाय मोकळे करायच्या. आत्या नानाखेड्याहून स्कूटरवर यायची आणि स्वतःचं हेल्मेट काढायच्या आधी ईराचे बूट काढायची. शेजारच्या प्रतिभाकाकू म्हणायच्या, "दोन मिनिटं गं, बिचारी फँस गई है." त्यांच्या दोन मिनिटांत डाळ शिजायची.

शेवटी डावं पाऊल वळलंच. आणखी दोन प्लास्टरं झाली. आई असून हिचं लक्ष नाही, यावर घरात एकमत झालं.

मग सासऱ्यांनी कारभार हातात घेतला. मधुकरराव सरकारी दफ्तरातून बाबू म्हणून रिटायर झालेले. त्यांनी मोकळ्या तासाचं टाइमटेबल करून फ्रिजवर चिकटवलं. अंघोळ, सासूबाई, वीस मिनिटं. मालिशवाली बाई पंधरा. आत्या दहा. ईराचे पप्पा राजस दहा. स्वतः तीन. प्रतिभाकाकू दोन. खाली सही, तारीख आणि शिक्का. शिक्का कुठून आला, हे कुणी विचारलं नाही.

टाइमटेबल चोख चाललं. पाऊल सरळ राहिलं. रोज साठ मिनिटं गौरी रिकामे बूट हातात धरून घड्याळ बघत उभी असायची. वेळ संपली की ती ईराला हिसकून घ्यायची आणि पट्टे आवळायची. हल्ली आई नुसती दारात दिसली तरी ईराला रडू फुटायचं.

एका सकाळी गौरी म्हणाली, "बाबा, यात माझं नावच नाही."

"तू तर दिवसभर तिच्यापाशीच असतेस, बेटा," मधुकरराव म्हणाले. "तरी हवं असेल तर लिखित में दे दो."

तिने दिलं. मधुकररावांनी चष्मा लावला.

"विषय: मुलीचे उघडे पाय हातात घेण्याबाबत. महोदय, पहिले दहा दिवस हात लावायची भीती वाटली. नंतर प्लास्टर होतं. नंतर बूट आले. साठ मिनिटांचं वाटप योग्यच असून त्यात कुणाची कपात करता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरी दिवस पंचवीस तासांचा करण्यात यावा, ही नम्र विनंती."