मशीनचं लाडकं नाव

“काकू, प्रोग्रॅम मशीनमध्ये चढला आणि कॅसेटची फीत तुटली,” पराडकर हळूच म्हणाला. “काकांचा प्रोग्रॅम आता फक्त या मशीनच्या मेमरीत आहे.” जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला, पण आता त्याच्याही कपाळावर घाम होता.

कॅसेटवर कुमुदच्या दिवंगत नवऱ्याच्या अक्षरात ‘कुमुदसाठी’ लिहिलेलं होतं. निळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न होता : ‘या मशीनचं लाडकं नाव काय? तीनदा चुकलात, तर सगळं पुसलं जाईल.’

पहिलं नाव पराडकरनं सुचवलं. पाव ठेवायच्या डब्यासारख्या दिसणाऱ्या या जाड, गोलसर कॉम्प्युटरला जुन्या मशीनचे सगळे शौकीन ‘पावपेटी’च म्हणतात. ते चुकलं. मग कुमुदनं लाजत स्वतःचं नाव टाइप केलं. तेही चुकलं, आणि ते जास्त लागलं.

वरचा पंखा मंदावला, तशी तिनं मान वर केली. लाइट गेली तर? मेमरीतलं सगळंच जाणार होतं. तेवढ्यात तिला तिसरं नाव आठवलं आणि भीती दुप्पट झाली. चाळीस वर्षांपूर्वी हे मशीन घरात आलं, तेव्हा ती ओरडली होती, “माझ्या उरावर सवत आणून बसवलीत!” ते नुसते हसले होते. हे नाव बरोबर निघालं, तर ते शब्द त्यांनी जन्मभर मनात ठेवले होते, हेही कळणार होतं.

तिनं ‘सवत’ टाइप केलं आणि डोळे मिटून घेतले.

“काकू, बघा तरी,” पराडकर म्हणाला.

पडद्यावर एकच ओळ होती : ‘अजून रागावली आहेस, कुमुद?’