थुंकीचं काम

थोरला गेला तर आपल्या पदरात काय पडेल, हे धाकट्याने बोटांवर मोजून ठेवलं होतं. रस्त्याला लागून असलेलं दुमजली घर. खालच्या खोलीत लेकीचं शिवणाचं दुकान, वर आपण. आणि थोरला राहिला तर? हात हलवत परत. थोरल्याला ना बायको ना पोर, पण महिनाअखेरीला घर लायक माणसाच्या नावावर करतो, असं त्याने फोनवर सांगून टाकलं होतं.

"लायक कोण?"

"ज्याला माझं काम येतं तो."

धाकट्याला ते काम येत नव्हतं. थोरला घरीच जुन्या नक्षीच्या वस्तू दुरुस्त करायचा. धाकट्याचं वाळवी-झुरळाच्या औषधांचं दुकान. दोघा भावांचा जन्म लाकडातच गेला. एकाचा ते जपण्यात, दुसऱ्याचा त्यातलं जिवंत मारण्यात.

भावाकडे धाकटा दोन-तीन वर्षांत फिरकला नव्हता. तरी भावाची एक खोड त्याला पाठ होती. नक्षीचा मळ थोरला थुंकीने काढायचा. कापूस गुंडाळलेली काडी जिभेवर फिरवायची, मग लाकडावर. या कामातले जाणते तसंच करतात. मळ निघतो, रंग राहतो. फक्त जाणते एक काडी एकदाच तोंडात घालतात. थोरला पडला चिक्कू. त्याची एकेक काडी चार-चार वेळा जिभेवर जायची.

पेटी धाकट्याला भंगारवाल्याकडे मिळाली. झाकण तडकलेलं, एक कोपरा गेलेला, नक्षीत बोटभर काळा मळ.

"घेता तर घ्या," भंगारवाला म्हणाला, "पण सांगून ठेवतो. ही ज्या घरात जाते, तिथलं एक माणूस कमी होतं."

असल्या गोष्टींवर धाकट्याचा विश्वास नव्हता. भाव पाडण्यापुरता मात्र त्याने तो लगेच ठेवला. शिवाय उद्या कोणी विचारलंच, तर पेटीकडे बोट दाखवता येणार होतं.

पेटी दोन दिवस त्याच्या दुकानामागच्या खोलीत राहिली. ती थोरल्याच्या टेबलावर पोचली तेव्हा खाचांत जुन्या मळाबरोबर आणखीही काही बसलं होतं. दिसायला दोन्ही सारखंच.

थोरल्याने पेटी उलटसुलट करून पाहिली. "तडा सरसाने बसेल. कोपरा नवा घालू. झाकणावर कोणी बाई आहे वाटतं, मळात बुडालीय बिचारी."

"काढ तिला वर," धाकटा म्हणाला. "लेकीला द्यायचीय."

त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळं शेवटी लेकीचंच होणार होतं.

मग रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, धाकटा भावाकडे चक्कर टाकू लागला. थोरल्याचं काम दुपारच्या उजेडात चालायचं. सकाळी बशीत आदल्या दिवशीच्या काड्या पडलेल्या असायच्या, काळपट बोंडांच्या. धाकटा त्या नजरेनेच मोजायचा. दिवसाला वीसेक. बरकत होती.

चौथ्या दिवशी बाईचं कपाळ निघालं, सहाव्या दिवशी डोळे. त्यानंतर धाकटा खुर्ची सरकवून बसू लागला. कुठेही सरकवली तरी बाई त्याच्याकडेच बघायची.

आठव्या दिवशी थोरला बिस्किट पाण्यात भिजवून खात होता. शेजारी तांब्या, हातात पेला.

"तोंड कोरडं पडतं रे. घास उतरत नाही."

"वय झालं आता," धाकटा म्हणाला, आणि मनातल्या वहीत एक बरोबरची खूण केली.

घरी लेकीला सगळे बडबडी म्हणायचे, तोंडाला खळ नव्हती म्हणून. हल्ली ती पानावर गप्प बसायची.

"अहो, जरा बघा तरी," बायको म्हणाली. "शिवणाच्या क्लासवरून येते आणि दोन घास टाकून उठते. कंगव्यात केस तर मूठमूठ येतात."

"बारीक व्हायचं खूळ असेल. एकदा दुकान झालं की भूक लागेल आपोआप."

"कुठलं दुकान?"

"बघशील गं."

बाराव्या दिवशी बाईचे ओठ निघाले. ते उघडे होते.

"आत जीभसुद्धा कोरलीय," थोरला म्हणाला. "काय हात असेल कारागिराचा. बोलेल असं वाटतं ना?"

धाकट्याने त्या दिवशी काड्या न मोजताच पाय काढला.

पंधराव्या दिवशी दुपारी थोरल्याचा फोन आला. पेटी तयार होती. धाकटा पोचला, तर दार उघडायला थोरलाच आला, ताठ, गालांवर लाली.

"बरा आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

"तोंड कोरडं पडत होतं ना तुझं?"

"ते होय. दोन वर्षं झाली त्याला, रक्तदाबाच्या गोळीने. पाकीट चिकटवायला थुंकी नाही माझ्या तोंडात."

धाकटा हसला. मग ते हसू नुसतंच ओठांवर राहिलं. टेबलावरची पेटी लखलखत होती. बाई तोंड उघडून बघत होती.

"मग ही कोणी साफ केली?"

"म्हणून तर म्हटलं, लायक माणूस. घराचे कागद झाले कालच. तिनेच बजावलं होतं, बाबांना पेटी हातात देऊन सांगायचं. क्लास कसला नि काय, दोन वर्षं रोज दुपारी इथे येते ती बडबडी." थोरल्याने दाराकडे नजर टाकली. "आज मात्र आली नाही अजून."

मग त्याने जपून ठेवलेल्या काड्यांचा डबा धाकट्यासमोर सरकवला.

"आणि खोडी सगळ्या माझ्याच उचलल्यात पोरीने. बघ, तीनशे बारा काड्या, एकेक चार-चार वेळा. सगळ्या तिच्या तोंडच्या."