श्यामलाकाकूंचे चाळीस किलो

"चाळीस!" श्यामलाकाकू ओरडल्या आणि त्यांनी लेग प्रेसची फळी पायांनी पार टोकापर्यंत ढकलली. वय अडुसष्ट. गुंडोने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणं हा ट्रेनरच्या नोकरीचाच भाग, पण काकूंसाठी तो मनापासून वाजवत असे.

मग नॅपकिन खाली पडला. काकू तो उचलायला जमिनीवर टेकल्या आणि तिथेच अडकल्या. एक हात मशीनच्या दांडीवर, दुसरा फरशीवर. एकदा जोर लावला, दोनदा लावला. चाळीस किलो ढकलणारे पाय काही केल्या त्यांना वर उचलेनात. शेवटी गुंडोने काखेत हात घालून त्यांना उठवलं.

"वय झालं रे," काकू हसत म्हणाल्या. "तुझी काही चूक नाही."

गुंडोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक त्याचीच होती.

आठ महिन्यांपूर्वी काकू बंगळुरूच्या कोरमंगलातल्या या जिमचा जिना चढून आल्या, तेव्हा त्यांनी एकच मागणं घातलं होतं. लेकीला बाळ होणार होतं. नातवंडाबरोबर जमिनीवर बसून खेळायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं, एवढं शिकव. गुंडो निपाणीच्या तालमीत वाढलेला. आधी खुर्चीवरून उठ-बस, मग अर्ध्या बैठका, मग पूर्ण, हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण मालक नागराजसर मागेच उभे होते. नव्या माणसाला मशीनवरच बसवायचं, हा त्यांचा दंडक. बैठका काय, घरीही मारता येतात. त्याच शिकवल्या तर इथे येईल कोण? गुंडोला नोकरीला लागून तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

"बैठका नकोच, काकू," तो म्हणाला होता. "या वयात गुडघ्याच्या वाट्या झिजतात. मशीनच बरं."

आणि स्वतः मात्र रोज सकाळी जिम उघडण्याआधी गच्चीवर जाऊन तीनशे बैठका मारत होता. मशीनला त्याने कधी पायही लावला नव्हता. काकूंचं वजन दर महिन्याला वाढवताना त्याच्या मनाला टोचायचं. पण काकू इतक्या खूश असत, की सांगणं आज-उद्यावर जात राहिलं.

आज नागराजसर काउंटरवरच होते. असोत, गुंडोने ठरवलं. नोकरी गेली तर गेली. त्याने चटई अंथरली आणि काकूंच्या स्टुलासमोर मांडी घालून बसला.

"काकू, मी तुमच्याशी खोटं बोललो. बैठका बेतानं मारल्या तर गुडघ्यांना कायबी होत न्हाई. मी स्वतः रोज मारतोय की. मशीननं तुमचे पाय ढकलायला शिकले, उठायला न्हाई. उद्यापासनं आपण खाली बसूनच सुरुवात करू. मी उठवतो तुम्हाला."

नागराजसरांनी मान वर केली. गुंडोने तिकडे पाहिलंही नाही. काकूंनी चारचौघांत चांगलं फैलावर घेतलं असतं, तर त्याला हलकं वाटलं असतं. पण त्या खिडकीतून खाली पाहत राहिल्या.

खाली नारळपाणीवाल्याच्या बाकावर काका बसले होते. पूर्वी ते काकूंना सोडायला थेट वर येत. तरातरा जिना चढत आणि गुंडोच्या दंडावर एक थाप मारून जात. अलीकडे दोन-तीन महिने ते खालीच थांबत होते. कंटाळले असतील, असं गुंडोला वाटलं होतं.

"माझं सोड रे," काकू हळूच म्हणाल्या. "ह्यांचं काय करू? कॉलेजात होते तेव्हापासून रोज शंभर बैठका मारायचे. तू म्हणालास, त्याच दिवशी मी माझ्या गळ्याची शपथ घालून त्या बंद करायला लावल्या."