रंगरावांचा सत्कार

"अहो, हा सायकल ट्रॅक काय सासऱ्यांनी आंदण दिलाय तुम्हाला?" रंगराव सायकलवरूनच ओरडले. गादीवाल्यानं दचकून ट्रॅकवर पसरलेल्या गाद्या आत ओढल्या. मागून येणारे सायकलवाले खदखदून हसले आणि रंगरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बिबवेवाडी आता हाकेच्या अंतरावर होती. पुण्याहून कोल्हापूर आणि कोल्हापूरहून परत पुणे, असा चार दिवसांचा प्रवास संपत आला होता. शहरात सायकलींना नीट वाट मिळावी म्हणून ही फेरी काढली होती आणि लोकांनी दिलेल्या देणग्या त्याच कामाला जाणार होत्या. मुलीनं, निशानं, आपल्याबरोबर वडलांचंही नाव घातलं तेव्हा घरात हशा पिकला होता. 'रंगराव मंडप डेकोरेटर्स'चे मालक आणि सायकलवर? बायको दुर्गाबाई म्हणाल्या होत्या, "जा हो, जरूर जा. फक्त परत आणायला टेम्पो कुठं पाठवायचा तेवढं सांगून ठेवा."

टेम्पो लागला नाही. पहिल्याच दिवशी खंबाटकीच्या घाटात एका ट्रकनं असा भोंगा दिला की रंगराव सायकलसकट कडेच्या गवतात गेले. लागलं काही नाही, पण अक्कल आली. आजवर त्यांना रस्ता टेम्पोतूनच दिसला होता. सायकलवाल्याच्या वाट्याला नुसती कड येते आणि तीही कुणी बळकावली तर त्यानं जायचं कुठं, हे तिथं गवतात बसून उमगलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं तर चारच झाले होते. कात्रजचा घाट उतरल्यापासून रंगरावांनी ट्रॅक अडवणाऱ्या एकालाही सोडलं नव्हतं. पाणीपुरीवाला झाला, दुचाकी लावणारे झाले, आता गादीवाला.

शिवाय आज पायांना वेगळाच जोर होता. काल साताऱ्यात दुर्गाबाईंचा फोन आला होता. "उद्या आपल्या बिबवेवाडीचं मंडळ तुमचा सत्कार करणार आहे. दाढी करून या."

सत्कार! रंगरावांचा जन्म सत्कारांचे मांडव घालण्यात गेला होता. निवृत्त झालेल्यांचे, निवडून आलेल्यांचे, एकदा तर पडलेल्याचासुद्धा. खुर्च्या पुसायच्या, माइक चालतोय का बघायचं आणि पाहुणे आले की कनातीच्या मागं जाऊन उभं राहायचं. शाल नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर. एकदा तरी आपण समोरून स्टेजवर चढावं, अशी त्यांची फार जुनी हौस होती. या वयात ती कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

वळण आलं आणि ट्रॅक संपला. म्हणजे ट्रॅक होता, पण त्याच्यावर मांडव होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सनई लावली होती. लग्नासाठी राखून ठेवलेल्या झालरी, मखमली खुर्च्या, सगळं गोदामातलं उत्तमातलं उत्तम बाहेर काढलेलं. फ्लेक्सवर हेल्मेट घातलेले रंगराव आणि खाली 'सायकलवीर रंगराव यांचा जाहीर सत्कार'. स्टेजवर मंडळाचे अध्यक्ष माधवराव शाल घेऊन उभे, शेजारी दुर्गाबाई ओवाळणीचं ताट घेऊन.

रंगरावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागं करकचून ब्रेक लागले. सगळी फेरी अडकली होती. दोघी-तिघी सायकल उचलून रस्त्यावर उतरल्या, तर बसनं हॉर्न मारला आणि त्या घाबरून परत मागं आल्या. निशानं आधी मांडवाकडे आणि मग वडलांकडे बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रंगरावांनी आपल्या जुन्या कारागिराला, दशरथला बाजूला ओढलं. "अरे, इथं? ट्रॅकवर?"

दशरथचा चेहरा आनंदानं फुलला होता. "मग वो मालक! तुमीच तर शिकवलंय आमाला. मांडवाला ट्रॅकसारखी जागा न्हाय. जमीन सपाट हाय, आन् तितनं कुनी जात बी न्हाय."

रंगरावांनी मांडवाकडे बघितलं. खरंच होतं, तिथून कुणी जात नव्हतं. जाणार कसं?

"या, या, रंगराव!" माधवराव माइकवरून म्हणाले. "बाकीच्यांनी जरा रस्त्यानं सायकली काढा हो! दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

रंगराव स्टेजवर चढले. समोरून. शाल खांद्याला टेकलीच होती. त्यांना ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. त्यांनी माधवरावांचा हात हलकेच बाजूला केला आणि माइक घेतला.

"दशरथ, मांडव सोड."

सनई बंद झाली. "मालक, आन् सत्कार?"

"आधी मांडव."

"हा आमचा अपमान आहे," असं म्हणत माधवराव शालीसकट चालते झाले. दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं, ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि खुर्च्या उचलायला घेतल्या. दशरथचा हात मात्र दोरीला लागेना. मालकाच्या सत्काराचा मांडव मालकादेखत कसा सोडायचा? मग रंगराव स्वतःच बांबूवर चढले आणि त्यांनी पहिली गाठ सोडली. खालून निशानं टाळी वाजवली, मग तिच्यामागं सगळ्यांनीच.

रंगरावांनी बांधलेल्या मांडवांत आजवर शेकडो लोकांनी टाळ्या घेतल्या होत्या. रंगरावांना मिळाल्या, त्या मांडव सोडताना.