जुने स्पीकर

गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून फिटर म्हणाला, "ताई, स्पीकर अन् अ‍ॅम्प्लिफायर जुनेच ठेवू, खणखणीत आहेत." दुपारपर्यंत माझं मौन असतं, हे त्याला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मागच्या सीटवरून मी नुसती मान हलवली.

तो दार लावून वळला आणि चारही दारं आपोआप लॉक झाली. उघडेनात. मी काच वाजवली.

"काय झालं, ताई?"

डॅशबोर्डच्या भोकातून सुट्या वायरी लोंबत होत्या. तरी कानामागच्या स्पीकरमधून माझाच आवाज आला, "काही नाही, दादा. निवांत जेवून या."

"सुटलं वाटतं मौन!" तो हसला.

त्याने ओढलेलं गॅरेजचं शटर निम्म्यावर आलं. मी व्रत मोडून ओरडले. घशातून आवाजच फुटला नाही.

स्पीकर हळूच म्हणाला, "पूर्ण ओढा, दादा."